सहवासांक पावणेएक

मी आकड्यांना कपडे घालते. काय करतेस असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते, कारण माझं खरं पदनाम उच्चारलं की समोरचा माणूस जांभई दाबायला लागतो.

गणित करणाऱ्या यंत्राच्या पोटात आकडा असतो तो उघडाबंब, पंधरा-सोळा अंकांचा, कुठे थांबायचं ते न कळणारा. तो तसाच कागदावर आणला तर लोक घाबरतील. म्हणून छापण्याआधी तो माझ्या हाताखालून जातो. दशांशचिन्ह टिंबाचं की स्वल्पविरामाचं, अंक देवनागरी की इंग्रजी, शेवटची शून्यं ठेवायची की छाटायची, आणि मुख्य म्हणजे टिंबानंतर किती घरं दाखवायची, हे मी ठरवते. आतला आकडा तोच राहतो. पण आतलं बघायला कुणाला सवड आहे? लोक कपडेच बघतात.

आमच्या कंपनीची कचेरी सांगलीत, विश्रामबागला. आमच्या यंत्राचं नाव ‘सूत’. लग्न ठरवू पाहणाऱ्या दोघांना एका खोलीत बसवायचं आणि चहा करायला सांगायचं, एवढंच त्याचं काम. दोघं काय बोलतात याच्याशी यंत्राला देणंघेणं नसतं. कोण कुणाचं वाक्य तोडतं, कोण किती वेळ गप्प बसतं, आधी कोण हसतं, कुणाचा आवाज कधी चढतो, एवढंच ते टिपतं. मग हजारो जुन्या जोडप्यांच्या अशाच चहापानाशी ते ताडून बघतं. त्या जोडप्यांचं पुढे दहा वर्षांत काय झालं ते यंत्राला ठाऊक असतं. त्यावरून ते एक आकडा काढतं, शून्य आणि एक यांच्यामधला. हा सहवासांक. दहा वर्षांनंतरही ही दोघं एकत्र आणि बऱ्यापैकी आनंदात असण्याची शक्यता.

कल्पना वाईट नव्हती. वाईट झालं ते कपड्यांमुळे.

सहवासांकाचं पत्रक जाड कागदावर छापून मिळायचं, कोपऱ्यांना हळदी रंग, मध्ये एक नक्षीदार कमान आणि कमानीत आकडा. पहिलं पत्रक छापून आलं तेव्हा आमचे मालक, ईशान रिसबूड, ते हातात धरून हळहळले.

“पद्मजा, ०.७५ किती केविलवाणं दिसतंय बघ. ताटात नुसती कोशिंबीर वाढल्यासारखं. टिंबानंतर चार घरं कर.”

“सर, यंत्राला पहिल्या घराचीसुद्धा धड खात्री नाही. पुढचे अंक म्हणजे नुसती खरखर आहे.”

“असेल. पण कमान भरली पाहिजे.”

तर अशा रीतीने, कमान भरावी म्हणून, महाराष्ट्रातली लग्नं चार घरांवर ठरायला लागली. आमच्या गल्लीत धाकट्या सुनेचा आकडा चौथ्या घरात थोरलीपेक्षा दोनाने जास्त निघाला, तर थोरलीने दिवाळीचा फराळ वेगळा केला.

आता माझ्या वडिलांविषयी. अण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांची जीप पेठेत शिरली की तराजू आपोआप सरळ व्हायचे असं जुने दुकानदार अजून सांगतात. निवृत्त झाले, पण सवय गेली नाही. आमच्या घरी भाजी आली की आधी काट्यावर चढते आणि मग विळीवर. आई मी लहान असताना गेली. मला वाढवलं ते आत्याने. आत्या पीठ मुठीने घेते, मीठ चिमटीने, साखर डोळ्याने. त्यावरून बहीणभावांचं रोज वाजतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक दुखरी गोष्ट आहे. आत्याचं स्थळ बघायला अण्णाच गेले होते. परत आल्यावर आजीने विचारलं, मुलगा कसा आहे? अण्णा म्हणाले, “साधारण बरा वाटतो.” वर्षाच्या आत आत्या माहेरी परत आली, ती दंडावरचे वळ पदराखाली झाकून. तेव्हापासून अण्णांच्या तोंडून ‘साधारण’ हा शब्द कुणी ऐकला नाही. आमच्या घरात ‘अंदाजे’, ‘जवळपास’, ‘सुमारे’ यांनाही बंदी आहे. त्यामुळे ‘सूत’ निघाल्यावर सगळ्यात जास्त आनंद झाला तो अण्णांना. माझ्या बाबतीत त्यांनी रेघ मारून ठेवली होती. पाऊण म्हणजे पाऊण. ०.७५च्या खाली लग्न नाही.

आणि मी प्रेमात पडले ते सन्मती चौगुलेच्या. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांना हवामानाचा अंदाज देणं हा त्याचा धंदा. म्हणजे आमच्या घरात ज्या शब्दांना बंदी, त्याच शब्दांवर याचं पोट. “पाचच्या सुमारास येतो, दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे,” असं तो म्हणतो आणि खरोखर इकडेतिकडेच येतो. पण मी रडले तर का रडले ते तो आधी ओळखतो आणि मग विचारतो. मला तो हवा होता. अण्णांच्या मनाविरुद्ध मात्र मला काही नको होतं, कारण त्या माणसाने माझ्यासाठी आयुष्य काढलं होतं. अडचण एवढीच होती.

आम्ही दोघं चहाच्या खोलीत बसलो. पत्रक आलं. कमानीत झोकात उभा होता ०.७४९६.

अण्णांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

“न्हाई.”

“अण्णा, चार दहाहजारांश फक्त!” मी म्हणाले.

“काट्यावर कमी म्हंजे कमी. आज चार सोडलं की उद्या चाळीस सोडायचं. मी उभ्या नोकरीत सोडलं न्हाई.”

सन्मतीने घसा खाकरला. “अण्णा, उद्या पावसाची शक्यता सत्तर टक्के असं मी बागायतदारांना सांगतो. सत्तर पूर्णांक चार एक आठ तीन असं सांगितलं तर ते मला बागेतच पुरतील. इतकं बारीक कुणालाच कळत नसतं. आम्ही परत चहा केला तर कदाचित साठ येईल, कदाचित ऐंशी.”

“म्हंजे तुमचा आकडा साठबी असंल?” अण्णांनी विचारलं.

सन्मती प्रामाणिक आहे हा त्याचा मोठाच दोष. “असू शकेल,” तो म्हणाला.

झालं. अण्णा उठून आत गेले.

पुन्हा चहा करायची सोय नव्हती. मनासारखा आकडा येईपर्यंत लोक चहाच करत बसतील म्हणून रिसबूडांनी एका जोडप्याला एकच बैठक असा नियम केला होता. मग मी माझं हत्यार बाहेर काढलं. आकडा बदलणं पाप. पण कपडे बदलणं हे तर माझं काम! फक्त स्वतःपुरतं बदललं असतं तर ती चोरी झाली असती. सगळ्या महाराष्ट्राचं बदललं तर ती सुधारणा.

दुसऱ्या दिवशी मी रिसबूडांना म्हणाले, “सर, सहवासांक मायबोलीत छापला तर? आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण असे काय सुंदर शब्द आहेत! ०.७४९६ कोण बोलतं घरी?”

यंत्राची कुवत पावापेक्षा बारीक मोजायची नाही हेही मी सांगितलं, पण तोवर ते कमानीत सुबक अक्षरात लिहिलेला ‘पाऊण’ डोळ्यांपुढे आणत होते.

“मराठी बाणा!” ते म्हणाले. “कर. लगेच कर.”

मी लगेच केलं, आणि तिथेच घात झाला.

मराठी अपूर्णांकांचा नियम सोपा. पाव जास्त असेल तर सव्वा, अर्धा जास्त असेल तर साडे, पाव कमी असेल तर पुढच्या आकड्याला पावणे. सव्वातीन, साडेतीन, पावणेचार. पण सुरुवातीच्या आकड्यांशी हा नियम फटकून वागतो. साडेएक म्हणणाऱ्या पोराला आपण हसतो आणि दीड शिकवतो. साडेदोनला अडीच. आणि एकाला पाव कमी असेल तर नुसतं पाऊण. पावणेएक फक्त घड्याळात वाजतात. हे सगळं मला माहीत होतं, मी लिहिलंही. फक्त नियम वर लिहिला आणि अपवाद खाली. यंत्राला वरचा नियम लागू पडला की ते खाली बघायलाही जात नाही.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर पत्रकं गेली. ज्यांचा सहवासांक अर्धा होता त्यांच्या कमानीत ‘साडेशून्य’. पाववाल्यांना ‘सव्वाशून्य’. आणि पाऊणवाल्यांना, सुबक अक्षरात, ‘पावणेएक’.

कचेरीतले फोन थांबेनात. साडेशून्य म्हणजे रात्रीचे साडेबारा का, असं सोलापूरहून एका गृहस्थांनी विचारलं, आणि रात्रीचा मुहूर्त असेल तर जेवणावळीचं काय, हेही. इस्लामपूरच्या एका वरपित्याला पावणेएक कमी वाटलं. “आमचा पोरगा इंजिनियर हाय, किमान दीड तरी द्या,” तो म्हणाला. दीड फक्त शहाणे असतात, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. जयसिंगपूरला तर कहर झाला. मुलाकडच्यांनी पत्रक वाचून मुलीकडे कळवलं की मुहूर्त पावणेएकचा निघाला, आणि दोन्हीकडची हौशी मंडळी अक्षता घेऊन दुपारी कार्यालयात हजर! तिथे आणखी दोन घरं तोच ‘मुहूर्त’ धरून आली होती. कार्यालयाच्या मालकाने शेवटी सगळ्यांना पन्हं पाजून वाटेला लावलं.

मी अपवाद उचलून नियमाच्या वर ठेवले, सगळं सुरळीत केलं आणि घरी गेले. पण पोस्टाचा ड्रोन माझ्या आधी पोचला होता. आधीच पत्रक मिळालेल्या जोडप्यांनाही नवी पत्रकं पाठवायची हौस रिसबूडांचीच. आमचं पत्रक अण्णांच्या हातात होतं.

“पावणेएक,” अण्णा म्हणाले. “परवा शून्य पूर्णांक सात चार नऊ सहा. आज पावणेएक. हे कुणी केलं?”

“मी.”

“का?”

“तुमची रेघ ओलांडावी म्हणून.” मला खोटं बोलता येत नाही, निदान अण्णांसमोर.

त्यांनी पत्रक खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. “मी जल्मभर दुसऱ्याच्या मापातलं पाप हुडकलं. आणि माझ्याच घरात मापात पाप?”

मला रडू फुटलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडता रडता मला संताप आला, आणि संतापात माणसाला कधीकधी नेमकं सुचतं.

“अण्णा, दुकानातल्या किलोच्या वजनाला किती फरक माफ असतो?”

अण्णांना हा प्रश्न झोपेतून उठवून विचारला तरी चालतो. “वजनावर असतंय. किलोला येगळा, पाच किलोला येगळा. फरकाची हद्द ठरलेली असती. हद्दीत असंल तर शिक्का मारायचा.”

“आणि एखाद्याने बिनहद्दीचं माप बाजारात आणलं तर?”

“जप्त!”

“मग चार घरांपर्यंत मोजणाऱ्या या मापाची हद्द काय आहे, हे तुम्ही कधी विचारलंत?”

पालथं पडलेलं पहिलं पत्रक उचलून अण्णांनी पुढून बघितलं, मागून बघितलं, उजेडात धरलं. हद्द कुठेच नव्हती. ते उठले, कपाटातून तपासणीची जुनी कातडी पिशवी काढली आणि चपला घातल्या.

“कमल, चल,” ते आत्याला म्हणाले.

“मी कशाला?”

“काटा तपासायला पक्कं वजन लागतं. ज्याचं माप आधीच म्हाईत हाय असं. तू न् मी चाळीस वर्षं एका छपराखाली काढली. त्येच्याहून पक्कं वजन आनू कुठनं?”

कचेरीत रिसबूडांनी आधी बरीच टाळाटाळ केली. “साहेब, हे यंत्र नवराबायकोसाठी आहे.”

“पत्रकावर सहवास लिवलंय. आमचा सहवासच हाय.”

“पण तुम्ही तर निवृत्त झालात ना?”

“मी झालो. माप झालेलं न्हाई.”

बहीणभाऊ चहाच्या खोलीत गेले. रिसबूड आणि मी काचेबाहेर उभे राहिलो. आत्याने पातेल्यात डोळ्याने पाणी ओतलं. अण्णांनी पिशवीतून मापाचा पेला काढला. आत्याने तो हिसकावून घेतला. पत्ती जास्त, साखर कमी, आलं कुणी ठेचायचं, गॅस बारीक का केला, एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं होऊ दिलं नाही. सहवासांक आला ०.३१०८.

“आता परत,” अण्णा म्हणाले.

“एका जोडप्याला एकच बैठक,” रिसबूड पुटपुटले.

“वजन एकदाच ठेवून काटा पास करतंय व्हय कुनी?”

दुसऱ्या खेपेला आत्याला कसलंसं हसू आलं आणि अण्णाही हसले. ०.५८७०. तिसऱ्या खेपेला दोघंही चहा पिऊन पिऊन कंटाळले होते आणि एकमेकांशी बोललेच नाहीत. ०.२२१५.

अण्णा बाहेर आले. तिन्ही पत्रकं त्यांनी रिसबूडांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. निवृत्तीनंतर इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. “तेच वजन, तोच काटा, तीन येळा तीन मापं. आनि वर चार घरं छापताय! अहो, ह्यापेक्षा आमचा कांदेवाला बरा!”

रिसबूड खुर्चीत बसले. मीही मनातून खूश होते. पण आत्या अजून आतच होती, कपबशा विसळत. तिने काम संपवलं, हात पुसले आणि दारात आली.

“दादा, एक सांगू?” ती म्हणाली. “तुज्यासंगं माझा आकडा दोनदा पावाच्या आसपास आला. आनि त्याच्यासंगं मला हितं बसवलं असतंस ना, तर एकाच्या जवळ आला असता. काय गोड बोलायचा तो! माझं एक वाक्य कधी तोडलं न्हाई त्यानं. चहाबी तोच करायचा.”

ती अण्णांजवळ येऊन उभी राहिली.

“तू बघायला गेलास तवा काय चुकला न्हाईस,” आत्या म्हणाली. “हे मशीन असतं तर तेबी हेच म्हनालं असतं. इतकी वर्षं उगं स्वतःला जाळतोस. मला कळत न्हाई व्हय?”

अण्णांनी कातडी पिशवीचा बंद लावायला घेतला, पण तो लागेना, तेव्हा आत्यानेच लावून दिला. मी दोघांना धरून बाहेर आणलं आणि त्या क्षणी माझं लग्न झालं नसतं तरी मला चाललं असतं, इतकं मला भरून आलं होतं.

रिसबूडांचं मात्र काही बिघडलं नाही. फरकाची हद्द छापल्याशिवाय पत्रक बाहेर जाऊ देणार नाही, असं अण्णांनी त्यांना बजावलं, आणि मी नवी मांडणी करून दिली. आता कमानीत येतं, ‘पाऊण, पण पाव इकडेतिकडे’. त्यावर भांडता येत नाही, फराळ वेगळा करता येत नाही. गिऱ्हाईक थोडं घटलं. रिसबूडांनी नवं पत्रक हातात घेऊन डोळे मिटले. “काय भरली आहे कमान!” ते म्हणाले.

यंत्र तपासलं त्याच संध्याकाळी अण्णांनी स्वतः सन्मतीला फोन केला. घरी बोलायला कधी येता, असं विचारलं. मी कान देऊन उभी होते.

“पाचच्या सु...” सन्मती अडखळला. “पाच वाजता येतो, अण्णा. बरोब्बर पाच.”

“इकडेतिकडे झालं तरी चालंल,” अण्णा म्हणाले.

लग्नपत्रिका मीच मांडली. योगायोग म्हणा की नशिबाची थट्टा, मुहूर्त निघाला दुपारी पावणेएकचा. लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात अण्णा फेटा बांधून उभे होते आणि येणारा प्रत्येक जण त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होता, “पत्रिकेत वाचलं, पावणेएक! वा, चांगला आकडा आला की पोरीला.”

“आकडा न्हाई, येळ हाय ती,” अण्णा सांगत होते. “आकड्यावर ठरवलं न्हाई. आत चला, अक्षता घ्या.”

मी आत पाटावर तयार होऊन बसले होते. आत्या माझा शालू सारखा करत होती. खिडकीतून अण्णांचा फेटा दिसत होता. मिरजेचे त्यांच्या खात्यातले एक जुने साहेब आले, आणि त्यांनीही तोच विषय वळसा घेऊन काढला.

“आकड्यावर ठरवलं नाहीस म्हणतोस, मगदूम. तू? मग जावई कसा आहे ते तुला कळलं कसं?”

अण्णांनी वळून मांडवात बघितलं. सन्मती मुंडावळ्या सावरत कुणा बागायतदाराला उद्याच्या पावसाचं काहीतरी मोघम सांगत होता. आत्याचा हात माझ्या पदरावर तसाच थांबला.

“साधारण,” अण्णा म्हणाले, “साधारण बरा वाटतो.”

आत्याने पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग माझ्या पाठीवर एक धपाटा घातला आणि म्हणाली, “ऊठ गं. पावणेएक वाजले.”